लिंडबर्ग बाळाचं अपहरण आणि हाउप्टमानचा खटला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या खटल्यांबद्दल लिहायला लागल्यापासून सगळ्यांत जास्त पत्रं या एका प्रकरणावर येतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत तिथे क्रमांक दिला आहे. एक विनंती. शिड्या, नोटा आणि फळ्यांच्या चर्चेत या प्रकरणाच्या मध्यभागी वीस महिन्यांचं एक लेकरू होतं, हे मनात असू द्या.

1. हे प्रकरण नेमकं काय आहे? थोडक्यात सांगाल का?

1 मार्च 1932 च्या रात्री अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, होपवेल गावाजवळच्या घरातून वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा पळवला गेला. खंडणी दिली गेली, पण बाळ परत आलं नाही. 12 मे रोजी त्याचा मृतदेह सापडला. अडीच वर्षांनी ब्रूनो रिचर्ड हाउप्टमान या जर्मन सुताराला अटक झाली. फ्लेमिंग्टनच्या न्यायालयात 2 जानेवारी ते 13 फेब्रुवारी 1935 असा खटला चालला, तो दोषी ठरला आणि 3 एप्रिल 1936 रोजी ट्रेंटनच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत त्याला मृत्युदंड देण्यात आला. शेवटपर्यंत तो ‘मी निर्दोष आहे’ असंच म्हणत राहिला. निकालाबद्दलचा वाद आजही चालू आहे.

2. एका मुलाच्या अपहरणाची एवढी चर्चा का झाली? तेव्हा अमेरिकेत अपहरणं होतच होती ना?

होत होती. महामंदीच्या त्या वर्षांत खंडणीसाठी माणसं पळवणाऱ्या टोळ्या सुकाळ झाल्यासारख्या वाढल्या होत्या. पण लिंडबर्ग हे साधं नाव नव्हतं. 20 आणि 21 मे 1927 ला त्यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्यानं, कुठेही न थांबता, साडेतेहतीस तासांत विमानानं पार केलं होतं. पंचवीस वर्षांचा हा तरुण एका रात्रीत जगाचा लाडका झाला. पत्नी अ‍ॅन या मेक्सिकोतले माजी राजदूत ड्वाइट मॉरो यांच्या कन्या. 22 जून 1930 ला, अ‍ॅन यांच्या वाढदिवशीच, मुलगा जन्मला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला जणू देशाचं बाळ करून टाकलं. या गर्दीपासून लांब राहता यावं म्हणूनच त्यांनी होपवेलजवळच्या डोंगराळ, निर्जन भागात घर बांधायला घेतलं होतं.

3. त्या रात्री घरात काय घडलं?

मंगळवार होता. बाहेर वारा आणि ओल. बाळाला सर्दी झालेली. आया बेटी गाउ हिनं त्याच्या छातीला औषध चोळलं आणि फ्लॅनेलच्या तुकड्यातून त्याच रात्री एक छोटी बंडी शिवून त्याच्या अंगात घातली. या बंडीचं महत्त्व पुढे सहाव्या प्रश्नात कळेल. आठच्या सुमाराला बाळ झोपलं. पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या एका खिडकीची झडप लाकूड वाकल्यामुळे नीट बंद होत नव्हती.

साडेआठच्या आसपास लिंडबर्ग घरी आले. खरं तर त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं एका भोजन समारंभात भाषण होतं, पण तारखेचा घोळ होऊन ते थेट घरी पोहोचले. नऊच्या सुमाराला त्यांना फळकुट मोडल्यासारखा आवाज आला. स्वयंपाकघरात काही पडलं असेल असं वाटून त्यांनी दुर्लक्ष केलं. दहा वाजता बेटी बाळाकडे डोकावायला गेली तर पलंग रिकामा. तिला वाटलं आईनं घेतलं असेल. आईला वाटलं वडिलांकडे असेल. कोणाकडेच नव्हतं.

खिडकीपाशी एक लिफाफा होता. मोडक्या इंग्रजीत 50,000 डॉलर मागितले होते आणि खाली खूण होती : एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं आणि तीन भोकं. घराबाहेर मातीत खुणा होत्या, एक पटाशी पडली होती आणि काही अंतरावर घरगुती बनावटीची तीन भागांची शिडी, तिचा एक भाग तुटलेला. मातीतल्या पाऊलखुणेचं नीट माप घेतलं गेलं नाही, साचाही केला गेला नाही. पुढच्या साऱ्या वादाची बीजं त्या ढिसाळपणात आहेत.

4. घरात पाच मोठी माणसं आणि एक कुत्रा असताना कोणालाच कळलं नाही? आतल्या माणसाचा हात होता का?

हा प्रश्न तेव्हाही पहिला विचारला गेला आणि तो रास्त आहे. लिंडबर्ग कुटुंब होपवेलला शनिवार-रविवारीच राहायचं आणि सोमवारी अ‍ॅन यांच्या माहेरी, एंगलवुडला परतायचं. त्या आठवड्यात बाळाच्या सर्दीमुळे मुक्काम लांबला. मंगळवारी ते तिथे असतील हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? बाळाची खोली कोणती, कोणती झडप लागत नाही, हेही.

संशय एंगलवुडच्या नोकरवर्गावर गेला. व्हायोलेट शार्प या इंग्रज मोलकरणीनं त्या रात्री आपण कुठे होतो याबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. पुन्हा चौकशीला बोलावलं जाणार हे कळल्यावर 10 जून 1932 ला तिनं विष घेतलं. नंतर पोलिसांनी तिचं त्या रात्रीचं सांगणं पडताळलं. त्या रात्री ती मित्रमंडळींबरोबर बाहेर गेली होती, एवढंच निघालं. नोकरी आणि अब्रू जाईल या धास्तीनं ती लपवत असावी. तिला या गुन्ह्याशी जोडणारं काहीही सापडलेलं नाही. तिचं नाव ‘संशयित’ म्हणून अजून फिरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी, घरावर काही दिवस पाळत ठेवणाऱ्याला दिव्यांवरून बरंच कळू शकतं आणि खिडक्यांना तेव्हा पडदेही लागलेले नव्हते. कुत्रा घराच्या दुसऱ्या टोकाला होता आणि वारा सुटला होता. तरीही ‘मंगळवार’ हा मुद्दा पूर्णपणे सुटलेला नाही, हे मान्य करायला हवं.

5. खंडणी दिली तरी बाळ का मिळालं नाही? स्मशानात पैसे दिले हे खरं आहे का?

खरं आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातले 72 वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक जॉन कॉन्डन यांनी स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून मध्यस्थीची तयारी दाखवली आणि आपल्याकडचे हजार डॉलर वर घालू असंही म्हटलं. आश्चर्य म्हणजे अपहरणकर्त्यानं त्यांना उत्तर दिलं, आणि त्या पत्रावर तीच वर्तुळांची खूण होती. कॉन्डन यांनी स्वतःच्या आद्याक्षरांवरून ‘जॅफ्सी’ हे टोपणनाव घेतलं आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून निरोप जाऊ लागले.

12 मार्चला ते वुडलॉन दफनभूमीपाशी एका माणसाला भेटले. त्यानं आपलं नाव ‘जॉन’ सांगितलं. काही दिवसांत खूण म्हणून बाळाचा रात्रीचा पोशाख टपालानं आला; लिंडबर्ग यांनी तो ओळखला. मागणी एव्हाना 70,000 वर गेली होती. 2 एप्रिलच्या रात्री सेंट रेमंड दफनभूमीत कॉन्डन यांनी घासाघीस करून 50,000 च दिले. लिंडबर्ग दूर गाडीत बसले होते. अंधारातून कॉन्डन यांना मारलेली ‘हे डॉक्टर!’ एवढी हाक त्यांनी ऐकली. बदल्यात चिठ्ठी मिळाली : बाळ मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ ‘नेली’ नावाच्या बोटीवर आहे. लिंडबर्ग यांनी दिवसचे दिवस विमानानं समुद्र धुंडाळला. अशी बोट नव्हतीच.

कॉन्डन यांनी वीस हजार वाचवले याचं तेव्हा कौतुक झालं, पण तपासाच्या दृष्टीनं ते नुकसान होतं. मागे राहिलेल्या नोटा पन्नासच्या होत्या आणि त्याच शोधायला सगळ्यांत सोप्या होत्या.

6. सापडलेलं बाळ लिंडबर्ग यांचंच होतं कशावरून? ते जिवंत आहे असं म्हणणारे लोकही आहेत ना?

मृतदेह घरापासून साधारण साडेचार मैलांवर, रस्त्याकडेच्या झाडीत एका ट्रकचालकाला दिसला. तो खूप खराब झाला होता. ओळख पटली ती मुख्यतः त्या बंडीवरून : बेटीनं त्या रात्री शिवलेलं तेच कापड, तोच दोरा. शिवाय पायाच्या एकमेकांवर चढलेल्या बोटांची ठेवण, केस, दात. वडील आणि आया दोघांनीही ओळखलं. मृत्यूचं कारण कवटीला झालेली इजा असं नोंदवलं गेलं आणि लगेच दहन झालं.

पुढच्या काळात अनेकांनी ‘मीच तो मुलगा’ असा दावा केला. त्यातला एकही सिद्ध झालेला नाही. आणि बचाव पक्षाच्या वकिलानंही न्यायालयात ही ओळख मान्य केली होती (प्रश्न 14).

7. अडीच वर्षांनी हाउप्टमान सापडला तरी कसा?

सोन्यामुळे. खंडणी भरताना करखात्याचे अधिकारी एल्मर आयरी यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला : प्रत्येक नोटेचा क्रमांक लिहून ठेवायचा, आणि रकमेचा मोठा भाग ‘गोल्ड सर्टिफिकेट’ म्हणजे सोन्याच्या बदल्यातल्या नोटांत द्यायचा. लिंडबर्ग यांना अपहरणकर्त्याशी दगाफटका नको होता, ते आधी तयार नव्हते. आयरींनी त्यांना पटवलं. तिथेच या तपासाचं नशीब बदललं.

एप्रिल 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोनं आणि अशा नोटा सरकारजमा करायचा आदेश काढला. ज्यांच्याकडे सोन्याच्या नोटा राहिल्या ते आता नजरेत भरू लागले. खंडणीच्या नोटा मुख्यतः मॅनहॅटनचा वरचा भाग आणि ब्राँक्स इथे एकेक करून येत होत्या. 15 सप्टेंबर 1934 ला मॅनहॅटनच्या एका पेट्रोल पंपावर एकानं अशी दहाची नोट दिली. ती बँकेत चालेल का, अशी शंका येऊन पंपावरच्या माणसानं गाडीचा क्रमांक नोटेवरच लिहून ठेवला. गाडी हाउप्टमानची निघाली. 19 सप्टेंबरला अटक झाली तेव्हा खिशात आणखी एक नोट होती. ‘एवढीच होती’ असं तो म्हणाला. मग त्याच्या गॅरेजमध्ये, फळ्यांमागे आणि डब्यात लपवलेले 14,000 हून अधिक डॉलर मिळाले. सगळे खंडणीचेच.

8. ‘फिशची गोष्ट’ म्हणजे काय? ती खरी असू शकते का?

हाउप्टमानचा बचाव असा : आपला मित्र आणि धंद्यातला भागीदार इसिडोर फिश डिसेंबर 1933 मध्ये जर्मनीला जाताना एक बुटांचं खोकं ठेवून गेला. मार्च 1934 मध्ये फिश तिकडे क्षयानं वारला. पुढे पावसाचं पाणी कपाटात गळलं, खोकं भिजलं, उघडलं तर आत पैसे. फिश आपलं देणं लागत होता, म्हणून आपण त्यातून खर्च करू लागलो.

फिश खरा होता, त्याचा मृत्यूही खरा आणि तो लोकांचे पैसे बुडवायचा हेही खरं. पण गोष्टीला आधार देणारा माणूस हयात नव्हता. शिवाय फिश गेला त्याच्या आधीपासून, 1932 च्या एप्रिलपासूनच, हाउप्टमाननं सुतारकामाची नियमित नोकरी सोडलेली होती आणि तो शेअर बाजारात पैसे खेळवत होता. खोकं तर तेव्हा त्याच्याकडे नव्हतंच. हे कोडं बचाव पक्षाला सोडवता आलं नाही. माझ्या मते या गोष्टीवर विश्वास ठेवणं कठीण आहे, आणि पैशाचा पुरावा हा खटल्यातला सर्वांत भक्कम भाग आहे.

9. शिडीचा पुरावा एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण लाकडाला खोटं बोलता येत नाही, असं विस्कॉन्सिनमधल्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेच्या आर्थर कोलर यांनी दाखवून दिलं. हा माणूस मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आदरणीय वाटतो.

शिडी त्यांच्याकडे आली तेव्हा कोणी संशयितच नव्हता. त्यांनी ती पूर्ण सोडवून प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला. काही फळ्यांवर यंत्राच्या रंध्याच्या बारीक, ठरावीक अंतरावरच्या खुणा होत्या. पात्याला कुठे खोट आहे, फळी किती वेगानं सरकली, हे त्यावरून काढता येतं. अशा खुणा उमटवणारी गिरणी शोधायला त्यांनी दीड हजारांहून अधिक गिरण्यांना विचारणा केली. माग साउथ कॅरोलिनातल्या मॅकॉर्मिकच्या गिरणीपर्यंत गेला, आणि तिथून निघालेला माल तपासत तपासत ब्राँक्समधल्या एका लाकडाच्या वखारीशी येऊन थांबला. वखार रोखीनं विकायची, ग्राहकांची नावं नव्हती. पण पुढे अटक झाल्यावर कळलं की हाउप्टमाननं त्याच वखारीत काम केलं होतं आणि तिथून लाकूडही घेतलं होतं.

सोळा क्रमांकाचा तुकडा वेगळा होता. तो हलक्या पाइनचा, रुंद फळीतून कापलेला आणि त्याला जुन्या पद्धतीच्या चौकोनी खिळ्यांची चार भोकं होती. भोकांभोवती गंज नव्हता, म्हणजे फळी आधी घराच्या आत, कोरड्या जागी बसवलेली होती. अटकेनंतर हाउप्टमानच्या भाड्याच्या घरातल्या पोटमाळ्याच्या जमिनीतली एक फळी अर्धीच असल्याचं दिसलं. सोळावा तुकडा तिथल्या तुळयांवर ठेवला तर चारही भोकं तुळयांतल्या भोकांवर तंतोतंत बसली. लाकडातल्या वाढीच्या रेषाही उरलेल्या फळीशी जुळल्या. त्याशिवाय शिडीवरच्या हातरंध्याच्या खुणा हाउप्टमानच्या रंध्याशी जुळल्या.

सुतारानं एवढी वेडीवाकडी शिडी का केली असती, असं बचाव पक्षानं विचारलं. प्रश्न स्वाभाविक आहे. पण ही शिडी गाडीत दुमडून न्यायची, एकदा वापरायची आणि टाकून द्यायची होती.

10. पण ती फळी पोलिसांनीच तिथे ‘बसवली’ असं वाचलंय. मग?

आरोपाला पाया आहे. अटकेनंतर घर पोलिसांच्याच ताब्यात होतं. पोटमाळा अनेकदा तपासला गेला आणि अपुऱ्या फळीचा शोध काही दिवस उशिरा लागला. अशा पुराव्याकडे संशयानं पाहणं योग्यच.

मात्र एक गोष्ट विसरली जाते. कोलर यांनी सोळाव्या तुकड्यातली चार चौकोनी भोकं आणि ‘ही फळी घराच्या आत बसवलेली होती’ हा निष्कर्ष 1933 मध्ये, म्हणजे हाउप्टमानचं नाव कोणाला माहीत होण्याआधी, लिहून ठेवला होता. शिडीचे जुने फोटोही आहेत. तेव्हा शिडीचा तुकडा बदलला गेला नाही. उरते एकच शक्यता : पोलिसांनी त्या भोकांना जुळतील अशी भोकं तुळयांत पाडली आणि लाकडाच्या रेषा जुळणारी फळी कुठून तरी मिळवली. भोकं पाडता येतील. रेषा जुळवणं जवळपास अशक्य.

कपाटाच्या आतल्या पट्टीवर कॉन्डन यांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला सापडला, तो मात्र वेगळा विषय. हाउप्टमाननं सुरुवातीला आपण लिहिला असेल असं मान्य केलं, नंतर नाकारलं. तो एका बातमीदारानं लिहिला असं पुढे सांगितलं गेलं. हा पुरावा मी बाजूला ठेवतो. त्याच्याशिवायही चित्र बदलत नाही.

11. खंडणीच्या चिठ्ठ्यांचं हस्ताक्षर त्याचंच होतं का?

सरकारी पक्षानं आठ तज्ज्ञ उभे केले, त्यांत त्या काळचे सर्वांत नावाजलेले अल्बर्ट ऑस्बर्न होते. सगळ्यांनी ‘होय’ म्हटलं. ‘बोट’ हा शब्द ‘बोड’ असा लिहिण्यासारख्या जर्मन वळणाच्या चुका दोन्हीकडे होत्या. अडचण अशी की अटकेनंतर त्याच्याकडून तासन् तास मजकूर लिहून घेतला गेला आणि त्याच चुका करायला सांगितल्या, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला मारहाण झाल्याच्या खुणा डॉक्टरांनाही दिसल्या होत्या. म्हणून अटकेआधीचं त्याचं लिखाण, उदाहरणार्थ गाडीच्या नोंदणीचे अर्ज, यांच्याशी केलेली तुलनाच मी विचारात घेतो. साम्य तिथेही आहे. पण हस्ताक्षरावरून माणूस विजेच्या खुर्चीत बसवणं मला आजही खटकतं.

12. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार होते ना? मग वाद कशाचा?

साक्षीदार हाच खटल्यातला सगळ्यांत कच्चा दुवा. 87 वर्षांचे अमँडस हॉकमथ यांनी अपहरणाच्या दिवशी त्याला घराजवळ गाडीत पाहिल्याचं सांगितलं. त्यांच्या दृष्टीबद्दल गंभीर शंका होत्या. मिलर्ड व्हाइटेड यांनी 1932 मध्ये पोलिसांना ‘संशयास्पद कोणी दिसलं नाही’ असं सांगितलं होतं, नंतर तेच ठाम साक्षीदार झाले. दोघांनाही पुढे सरकारी बक्षिसातला वाटा मिळाला. कॉन्डन यांनी अटकेनंतरच्या ओळखपरेडीत खात्रीनं बोट दाखवलं नाही, न्यायालयात मात्र दाखवलं.

आणि लिंडबर्ग. अडीच वर्षांपूर्वी रात्री ऐकलेली दोन शब्दांची हाक. सप्टेंबर 1934 मध्ये ब्राँक्सच्या ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या पंचांपुढे) त्यांनी त्या आवाजावरून माणूस ओळखणं फार कठीण आहे असं सांगितलं होतं. जानेवारीत साक्षीच्या पिंजऱ्यातून ते ठामपणे म्हणाले की तो आवाज हाउप्टमानचाच. ते जाणूनबुजून खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. मुलगा गमावलेल्या बापाला समोर एक माणूस दिसत होता, ज्याच्या घरात आपले पैसे सापडले होते. पण ज्युरीतल्या (प्रश्न 13) बारा जणांवर त्या एका साक्षीचं वजन किती पडलं असेल, याचा विचार करा.

13. ज्युरी म्हणजे काय? आपल्याकडे न्यायाधीशच निकाल देतात ना?

ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच. दोषी की निर्दोष ते हेच ठरवतात. आपल्याकडेही ही पद्धत होती. मुंबईच्या 1959 च्या नानावटी खटल्यातला ज्युरीचा निकाल उच्च न्यायालयानं फिरवला हे अनेकांना आठवत असेल, आणि पुढे ही पद्धत बंदच झाली.

फ्लेमिंग्टनमध्ये आठ पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. त्यांना न्यायालयासमोरच्याच हॉटेलात ठेवलं होतं आणि त्याच हॉटेलात, रस्त्यावर, सगळीकडे बातमीदार होते. फेरीवाले छोट्या लाकडी शिड्या विकत होते. सुमारे 11 तासांच्या चर्चेनंतर निकाल आला तेव्हा बाहेर जमाव ओरडत होता. ज्युरीला जन्मठेपेची शिफारस करता आली असती. त्यांनी ती केली नाही, आणि शिफारस नसल्यावर न्यायाधीश ट्रेंचर्ड यांना मृत्युदंडाशिवाय पर्याय नव्हता.

14. हाउप्टमानचा वकील चांगला होता का?

नाव मोठं होतं. एडवर्ड रायली यांचा खर्च वर्तमानपत्रांच्या एका साखळीनं, कथेच्या हक्कांच्या बदल्यात, उचलला होता. त्यांनी अशिलाबरोबर फारच थोडा वेळ घालवला. सर्वांत मोठा घाव त्यांनी स्वतः घातला : मृतदेह लिंडबर्ग बाळाचाच आहे हे भर न्यायालयात मान्य केलं. सहकारी लॉइड फिशर संतापून बाहेर निघून गेले. फिशर यांची निष्ठा मात्र अखेरपर्यंत टिकली.

बचाव पक्षाला पोलिसांचे मूळ अहवालही पाहायला मिळाले नाहीत. तशी सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. व्हाइटेड यांचं 1932 चं म्हणणं ज्युरीपुढे आलं असतं तर त्यांची साक्ष टिकली नसती.

15. खुनाचा हेतूच सिद्ध झाला नाही, मग मृत्युदंड कसा?

हा सगळ्यांत गुंतागुंतीचा प्रश्न, आणि बहुतेक लेखांत तो सुटून जातो. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार घरफोडीसारखा ठरावीक गुन्हा करताना मृत्यू झाला तर, हेतू नसला तरी, तो पहिल्या दर्जाचा खून. अपहरण त्या यादीत नव्हतं. मग सरकारी वकील डेव्हिड विलेंट्झ यांनी घरफोडीचा मार्ग धरला. घरफोडीसाठी चोरीचा हेतू लागतो. तो दाखवला बाळाच्या अंगावरच्या रात्रीच्या पोशाखाच्या चोरीनं. एका झोपेच्या कपड्यावर मृत्युदंडाचा कायदेशीर पूल बांधला गेला. अपील न्यायालयानं ऑक्टोबर 1935 मध्ये हे मान्य केलं.

शिवाय मृत्यू झाला कसा, याची सरकारची कथाच बदलली. सुरुवातीला शिडी मोडून बाळ पडलं असं मांडलं गेलं. शेवटच्या भाषणात विलेंट्झ म्हणाले की त्याला पलंगातच पटाशीनं मारलं. याला पुरावा नव्हता. अपघाती मृत्यू आणि थंड डोक्यानं केलेला खून यांत ज्युरीच्या मनात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. माझा या निकालावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

16. गव्हर्नर त्याला वाचवायला निघाले होते, हे खरं का?

न्यू जर्सीचे गव्हर्नर हॅरल्ड हॉफमन ऑक्टोबर 1935 मध्ये गुपचूप तुरुंगात जाऊन हाउप्टमानला भेटले. त्यांचं मत होतं की हे काम एकट्या माणसाचं नाही. दयेचा अर्ज बहुमतानं फेटाळला गेल्यावर त्यांनी जानेवारी 1936 मध्ये अंमलबजावणी तीस दिवस पुढे ढकलली. याच काळात एलिस पार्कर या नावाजलेल्या गुप्तहेराच्या माणसांनी पॉल वेंडेल नावाच्या बरखास्त वकिलाला डांबून, छळून खोटा कबुलीजबाब घेतला. वेंडेलनं तो लगेच मागे घेतला. पार्कर यांना पुढे अपहरणाच्या नव्या कायद्याखालीच शिक्षा झाली (प्रश्न 20) आणि ते तुरुंगात वारले. या धटिंगणपणानं खऱ्या शंकांचंही नुकसान झालं; हॉफमन यांचं राजकीय वजनही गेलं.

साथीदारांची नावं सांगितलीस तर जीव वाचू शकतो, अशी वाट हाउप्टमानपुढे होती. त्यानं कोणाचंही नाव घेतलं नाही. काहींना हा निर्दोषपणाचा पुरावा वाटतो, काहींना बायको-मुलासाठी राखलेलं मौन.

17. मग तो एकटाच होता का?

न्यायालयात ‘एकटाच’ असं मांडलं गेलं, पण ते सिद्ध करायची गरज नव्हती आणि ते सिद्ध झालंही नाही. दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. एक, चौथ्या प्रश्नातला मंगळवार. दोन, 1 मे 1933 ला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ‘जे. जे. फॉक्नर’ अशा सहीनं खंडणीतल्या 2,980 डॉलरच्या सोन्याच्या नोटा बदलल्या गेल्या. दिलेल्या पत्त्यावर असा माणूस नव्हता. त्या चिठ्ठीवरचं अक्षर कोणाचं, हे आजवर ठरलेलं नाही. शिडीवर बोटांचे ठसे मिळाले, त्यात हाउप्टमानचा एकही नव्हता. मात्र ती एव्हाना असंख्य हातांतून गेली होती.

18. लिंडबर्ग यांनीच हे घडवलं असा सिद्धांत आहे. त्यात काही तथ्य?

नाही. त्याला आधार देणारा एकही भौतिक पुरावा नाही. लिंडबर्ग यांनी तपासाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली, राज्य पोलिसांचे प्रमुख कर्नल श्वार्त्झकॉफ त्यांच्या कलानं वागले, हे चुकीचं होतं; पण ते घाबरलेल्या आणि हुकूम सोडायची सवय असलेल्या बापाचं वागणं आहे. लिंडबर्ग यांना 1938 मध्ये नाझी जर्मनीकडून मिळालेलं पदक आणि 1941 चं ज्यूविरोधी भाषण यांमुळे त्यांच्याबद्दल राग असणं समजू शकतं. त्या रागातून 1932 ची रात्र पुन्हा लिहू नये.

19. तुमचं मत काय? निकाल चूक की बरोबर?

‘वादग्रस्त निकाल’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न कोंबले जातात, आणि पत्रांतली बहुतेक भांडणं त्यामुळेच होतात. हाउप्टमान या गुन्ह्यात होता का? पैसे आणि लाकूड पाहता, होय. तो एकटा होता का? माहीत नाही. त्याला न्याय्य खटला मिळाला का, आणि मृत्युदंड योग्य होता का? माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. मारहाण, बदललेल्या साक्षी, दडलेले अहवाल, वर्तमानपत्राच्या पैशावरचा वकील आणि झोपेच्या कपड्यावर टेकवलेला आरोप. दोषी माणसावरचा खटलाही अन्याय्य असू शकतो.

विधवा अ‍ॅना हाउप्टमान यांनी उरलेलं आयुष्य नवऱ्याचं नाव धुऊन काढण्यात घालवलं. 1980 च्या दशकात त्यांनी न्यू जर्सी राज्यावर दावे केले, ते फेटाळले गेले. 1994 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी त्या वारल्या.

20. या प्रकरणानं कायदे बदलले का?

बदलले. 22 जून 1932 ला, म्हणजे बाळ जिवंत असतं तर त्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, राज्याची सीमा ओलांडून होणारं अपहरण हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला. लोक त्याला ‘लिंडबर्ग कायदा’च म्हणतात. 1934 मध्ये त्यात मृत्युदंड आला. ते कलम 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. फ्लेमिंग्टनच्या गोंधळानंतर 1937 मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेनं न्यायालयात कॅमेऱ्यांना मनाई करणारा नियम केला.

21. मूळ कागदपत्रं पाहता येतात का? सुरुवात कुठून करू?

येतात. 1981 मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी पोलिसांचे दस्तऐवज अभ्यासकांना खुले केले. ते वेस्ट ट्रेंटनमधल्या न्यू जर्सी राज्य पोलिसांच्या संग्रहालयात आहेत, आणि ती शिडीही तिथेच आहे. न्यू जर्सीत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिकडच्या अनेक वाचकांना हे अंतर गाडीनं सहज जमेल. जाण्याआधी संग्रहालयाशी बोलून वेळ ठरवा. वाचायला सुरुवात खटल्याच्या भाषणांपासून करू नका. आधी कोलर यांचा 1933 चा अहवाल वाचा, मग व्हाइटेड यांचा 1932 चा जबाब. दोन्ही कागद अटकेच्या आधीचे आहेत.